भेंडीचं दुसरं नाव

"फोन वाजू दे. हात थांबवायचा नाही."

लाफायेतला, अमेरिकेतल्या लुईझियानात, शेजारच्या आजींच्या स्वयंपाकघरात आज गंबो, म्हणजे इथला दाट रस्सा, शिकत होते. बिडाच्या जाड पातेल्यात वाटीभर तेल, वाटीभर मैदा, आणि मंद आचेवर जवळपास पाऊण तास ढवळत राहायचं. लाडवांचं बेसन भाजताना नजर हलवता येत नाही ना, तसंच. आधी वाळूचा रंग, मग तांब्याच्या जुन्या पैशाचा, शेवटी चॉकलेटी. वास थेट भाजलेल्या शेंगदाण्यांचा. काळे ठिपके दिसले की सगळं टाकून पुन्हा पहिल्यापासून.

मग कांदा, सेलरी, ढोबळी मिरची. केवढा चर्र आवाज झाला!

भेंडी चिरताना आजी म्हणाल्या, "माझी आजी फ्रेंच बोलायची. ती हिलाच गोंबो म्हणायची."

हा शब्द आफ्रिकेतला. गुलाम करून आणलेल्या माणसांबरोबर आलेला. आजींचे पूर्वज अकेडियन, म्हणजे फ्रान्समधून येऊन उत्तर अमेरिकेत वसलेले लोक. १७५५ पासून इंग्रजांनी त्यांना आजच्या कॅनडातल्या नोव्हा स्कोशियातून हाकललं, तेव्हा त्यातले बरेच फिरत फिरत इथे पोचले. इथल्या लोकांचं आणि स्वयंपाकाचं केजन हे नाव त्यांच्यावरून पडलं आणि जगभर गेलं. भेंडीबरोबर आलेल्यांची आठवण मात्र क्वचितच कुणी काढतं. हे मला दिवसभर टोचत राहिलंय.

रात्री आईला फोन केला. "रश्श्यात भेंडी? तार नाही सुटत?"

सुटते. तीच तर हवी असते, रस्सा दाट व्हायला.

तुमच्या घरातल्या कुठल्या पदार्थाचं नाव असं लांबून आलंय?