वस्तुसंग्रहालय, ४५ मि.

परवा दुपारी वहिनीकडे जेवायला गेले होते. जेवण झाल्यावर बडीशेप शोधता शोधता टेबलावरचा एक फुलस्केप कागद हाती लागला आणि मी तो वाचत बसले. दुसऱ्याचा कागद वाचू नये हे मलाही कळतं, पण वहिनीचं अक्षर इतकं टपोरं आहे की न वाचता पुढे जाणं म्हणजे त्या अक्षराचा अपमान. वर ठळक लिहिलेलं, 'शैक्षणिक सहल, इयत्ता सातवी, औंध'. खाली वेळापत्रक. साडेसहाला शाळेत हजेरी, सातला प्रस्थान, वाटेत नाश्ता (मुलींसाठी स्वच्छतागृह आहे का ते आधी फोन करून विचारणे), यमाईचं दर्शन, डबे. मग एका ओळीत 'वस्तुसंग्रहालय, ४५ मि.' आणि त्याच्याखाली 'बागेत खेळ, दीड तास'.

"वहिनी, औंधच्या म्युझियमला पाऊण तास?"

ती चष्मा कपाळावर चढवून पालकांची संमतीपत्रं मोजत होती. "भरपूर झाला. मागच्या वेळी पंचवीस मिनिटांत पोरं बाहेर आली होती."

मी गप्प बसले. शिक्षकांशी सहलीवरून वाद घालू नये. दिवाळीची सुट्टी संपली की त्यांच्यामागे काय काय लागतं ते मी दरवर्षी बघते. मुख्याध्यापकांची सही, वरच्या कार्यालयाची परवानगी, निम्म्या भाड्यात एसटी मिळावी म्हणून आगारात अर्ज, प्रथमोपचाराची पेटी, प्रत्येक गाडीत एक तरी बाई. पाण्याच्या कडेला कुणी जायचं नाही, गाडी सुटायच्या आधी डोकी मोजायची, मोजून झाली की पुन्हा मोजायची. दुसऱ्यांची पोरं सांभाळायची म्हणजे हे सगळं हवंच, माझी तक्रार नाही. फक्त एवढ्या रकान्यांत 'काय बघायचं' असा रकाना मला कुठे दिसला नाही.

आमचीही सहल औंधलाच गेली होती. साताऱ्याकडच्या कुठल्याही शाळेची कधी ना कधी जातेच. यमाईच्या डोंगराच्या चढावर ते संग्रहालय आहे, १९३८ सालचं. आम्हाला पुढच्याच्या खांद्यावर हात ठेवून रांगेत आत नेलं. हातात वही आणि पेन्सिल. 'हात लावायचा नाही' आणि 'लिहून घ्या' या दोन आज्ञा. आम्ही लिहून घेतलं. वस्तूखालची पाटी अक्षर न् अक्षर उतरवून काढायची आणि पुढे सरकायचं. त्यात सगळा वेळ गेल्यामुळे पाटीच्या वर काय आहे ते बघायला कुणालाच सवड झाली नाही. माझ्या वहीची चार पानं भरली होती. पुढच्या आठवड्यात 'आमची सहल' या निबंधात ती सगळी कामाला आली आणि मला शाबासकी मिळाली.

तिथे रविवर्म्याची सैरंध्री आहे. मूळ चित्र, कॅलेंडरवरचं नव्हे. आमच्यातल्या एकीने विचारलं, "बाई, ही कोण?" बाई म्हणाल्या, "द्रौपदी. चला पुढे." आता, अज्ञातवासात ती सैरंध्री नावाने जिची दासी होती त्या राणी सुदेष्णेने तिला मद्य आणायला कीचकाच्या महालात पाठवलं, ते का, आणि पुढे भीमाने काय केलं, ही गोष्ट माझी आजी दिवेलागणीला तासभर रंगवून सांगायची. तीच द्रौपदी समोर उभी आणि आम्ही दोन शब्दांत पुढे. शिवाय हे संग्रहालय ज्यांनी उभं केलं, त्या औंधच्या राजांना, बाळासाहेब पंतप्रतिनिधींना, महाभारताचं केवढं वेड! पुण्याच्या भांडारकर संस्थेने पोथ्या ताडून काढलेल्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीसाठी त्यांनी एक लाख रुपये देऊ केले होते, त्या काळातले. संस्थान केवढं, तर ७२ गावांचं. राजे स्वतः चित्रं काढायचे. यातलं आम्हाला कुणी काही सांगितलं नाही. सांगितलं ते एवढंच, की शाळेत सूर्यनमस्कार सक्तीचे केले ते या राजांनी. ते ऐकल्यावर मागच्या रांगेतल्या पोरांनी राजेसाहेबांच्या तसबिरीकडे ज्या नजरेने पाहिलं, ती मला अजून आठवते. शनिवारी सकाळी मैदानावर थंडीत काकडत त्यांनी जे भोगलं होतं, त्याचा कर्ता आज समोर सापडला होता.

आणि हेन्री मूर! या इंग्रज शिल्पकाराचं दगडातलं आई-मूल औंधला आहे. जगातली मोठमोठी म्युझियमं ज्याचं काम मिरवतात तो माणूस खटाव तालुक्यात एका डोंगरावर मुक्कामाला आहे, आणि सातवी ब त्याच्यासमोरून "ढकलू नको रे" करत जाते. माझ्या वहीत तो होता की नाही, देव जाणे. असलाच तर नावाचं स्पेलिंग चुकलेलं असणार. वहिनी म्हणते, आताची पोरं निदान एक प्रश्न तरी विचारतात, "मॅडम, याची किंमत किती?"

मला विचाराल तर सहल एकाच वस्तूसाठी काढावी. आधी आठवडाभर वर्गात कीचकवध सांगावा, पोरांना रागाने दात-ओठ खाऊ द्यावेत, आणि मग औंधला नेऊन सैरंध्रीसमोर फतकल मारून बसवावं. बाकीची दालनं कुलूपबंद राहिली तरी चालतील. वही-पेन्सिल गाडीतच. हे मी वहिनीला मोठ्या उत्साहाने ऐकवलं. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "पासष्ट पोरं एका चित्रासमोर बसवून दाखव. मागे दुसऱ्या शाळेची रांग उभी, शिपाई 'चला चला' करतोय, आणि तीन जणांना एकदम सू-सू. मग बोल."

हेही खरंच.

शिवाय पाटी उतरवून आणलेल्या पोरीला त्या दिवसाचं खरोखर काय आठवतं, तर डबा. चढावर झाडाखाली गोल करून बसलो होतो. आईने तिखटमिठाच्या पुऱ्या वर्तमानपत्रात बांधून दिल्या होत्या. तेल कागदात उतरलं होतं आणि कागदावरची शाई पुरीवर. सगळ्यात वरच्या पुरीवर उलट्या अक्षरांत बाजारभाव उमटला होता. आम्ही चौघीजणी डोकी एकत्र करून तो वाचत होतो. 'ज्वारी' लागली, पुढचा आकडा काही केल्या लागेना. पाटी न उतरवता, कुणी सांगितलं नसताना, सगळ्यात मन लावून मी त्या दिवशी काही पाहिलं असेल तर ती पुरी. मग ती मैत्रिणीच्या शेंगदाण्याच्या चटणीबरोबर खाल्ली, बाजारभावासकट. आताच्या डब्यांत फॉइल असतं. शाई पोटात जात नाही, चांगलंच आहे.

कागदाच्या मागच्या बाजूला आणखी एक यादी होती, 'न येणारे'. नावं सहा-सात, समोर कारणं. एकीच्या घरी लग्न. बाकी सगळ्यांपुढे एकच, 'गाडी लागते'.

"एवढ्या पोरांना गाडी लागते?" मी विचारलं. लिंबू हुंगायला द्यायचं, पुढच्या सीटवर बसवायचं, असले उपाय माझ्या ओठावर आले होते.

वहिनीने चष्मा खाली घेतला. "हा तिसरा आहे ना, तो ऊसतोडीच्या टोळीतला. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत उसावर बसून कारखान्यापर्यंत जातो. त्याला कसली गाडी लागते? सहलीची वर्गणी लागते."

आमच्या वर्गातही एक होता, दर सहलीला गाडी लागणारा. गुरुवारी बाजाराच्या टेम्पोला मागे लोंबकळून यायचा. आम्ही त्याला चिडवायचो.

"मग?"

"मग काय? आम्ही तिघी मिळून भरतो. घरी सांगायचं, सरकारकडून आलेत. कोण विचारतंय." तिने एक लग्नाचं नाव तेवढं ठेवलं, बाकीची खोडून पुढच्या यादीत घातली. एकूण आकडा बदलला, म्हणून गाडीची आसनं पुन्हा मोजली. मग आगारात फोन लावला. तिकडून सांगितलं, साहेब जेवायला गेलेत, अर्ध्या तासाने करा.