आठ दिवस, सोळा अध्याय

मे महिन्यात आठ दिवसांची रजा टाकली आणि सोलापूरला जाणाऱ्या हुतात्मा एक्स्प्रेसमध्ये बसल्या बसल्या नवी कोरी वही उघडली. वर लिहिलं, 'सुट्टी'. खाली: पहाटे साडेपाचला उठणे. अर्धा तास प्रार्थना. मार्ककृत शुभवर्तमान, रोज दोन अध्याय. सोळा अध्याय, आठ दिवस, बाकी शून्य. पुण्यात वर्षभर माझी प्रार्थना सिग्नलला उभ्या उभ्या होते आणि हिरवा लागला की 'आमेन'. तेव्हा देवाची सगळी थकबाकी या सुट्टीत एकरकमी भरून टाकायची, असा बेत. बेत ऑफिसातल्या टार्गेटसारखा दिसतोय हे मलाही कळत होतं. पण टार्गेट नसलं की हल्ली काही सुचतच नाही.

दौंडच्या अलीकडे केडगाव मागे पडलं. पंडिता रमाबाईंनी निराधार बायकांसाठी उभारलेलं मुक्ती मिशन इथलंच. बाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून अख्खं बायबल मराठीत आणलं, मुक्तीतल्या बायकांनी छपाईचे खिळे जुळवून ते छापलं. १९२२ साली बाई गेल्या, तोवर हे काम त्यांच्या हातात होतं. मी वही मिटली आणि शेंगा घेतल्या.

रात्री दहाच्या पुढेही सोलापूरचा फलाट तापलेलाच होता. घरी आईनं पाण्याचा तांब्या पुढे केला आणि लगेच बजावलं, "बेतानं वापर रे. पाणी अजून तीन दिवसांनी येणार."

गच्चीवर अंथरूण टाकलं. साडेपाचचा गजर वाजला असावा. जाग आली ती ऊन चटका द्यायला लागल्यावर, आठला. दुसऱ्या दिवशीही तेच. दुपारी जेवून जरा टेकलो, ते थेट चहालाच उठलो. अपराध्यासारखं वाटत होतं. वहीतले दोन अध्याय चार झाले, मग सहा. त्यात अक्कलकोटहून आत्याबाई नातवंडांसह आल्या, शेजारच्या तेलुगू मावशी लोणच्याची चव दाखवायला येऊन दोन तास बसल्या.

रविवारी उपासना संपली, तर दारातच पाळकसाहेबांनी गाठलं. "सलाम! सुट्टीवर आहात ना? मग मुलांची बायबल शाळा आहे, दोन सकाळी द्या." सुट्टीतल्या बायबल शाळेची कल्पना अमेरिकेतली. १८९८ साली न्यूयॉर्कमध्ये एका बाईंनी उन्हाळ्यात रस्त्यावर हुंदडणाऱ्या पोरांसाठी बिअर विकायची जागा भाड्यानं घेतली आणि तिथं वर्ग भरवला. मला ही गोष्ट फार आवडते. आमच्या लहानपणी मात्र शाळेचं मुख्य आकर्षण बारा वाजता मिळणारं लिंबू सरबत हेच होतं. पाठ केलेली वचनं आजही तोंडात येतात ती त्या आंबटगोड चवीसकट.

दोन सकाळी दिल्या. चाळीस पोरं, एक पंखा. मार्कच्या सहाव्या अध्यायात शिष्यांना जेवायलाही सवड मिळत नाही, तेव्हा येशू त्यांना म्हणतो, चला, जरा एकांतात जाऊन विसावा घ्या. नाव काढून निघतात, तर लोक काठाकाठानं धावत त्यांच्या आधी तिथं हजर! मग कसली विश्रांती. पाच हजारांच्या पंगतीला वाढावं लागलं. मुलांना हे सांगताना मला हसू आवरेना. शिष्यांची रजा गेली तशीच माझी चालली होती.

त्या संध्याकाळी कौटुंबिक प्रार्थनेत वाचायची पाळी दादांची, म्हणजे वडिलांची होती. दादा मिलमध्ये मागावर होते; मिल बंद होऊन जमाना झाला, पण अजून मोठ्यानंच बोलतात. मागांच्या खडखडाटात बोलून बोलून लागलेली सवय. त्यांनी बायबलातल्या 'पहिले राजे' या पुस्तकाचा एकोणिसावा अध्याय काढला. एलीया संदेष्टा जीव मुठीत घेऊन पळालाय, रानात झुडपाखाली बसून म्हणतोय, पुरे झालं, आता माझा प्राण घे. आणि तिथंच झोपतो. देवदूत येतो. मला वाटलं, आता उपदेश. छे. दूत म्हणतो, ऊठ, खा. उशाशी निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याचा चंबू. एलीया खातो, पितो, पुन्हा झोपतो. दूत ओरडत नाही. दुसऱ्यांदा येतो, पुन्हा खायला लावतो, कारण वाट लांबची आहे. होरेब डोंगर चाळीस दिवसांवर, आणि देवाचा तो मंद आवाज तिथं गेल्यावर.

दादांनी चष्मा काढला. माझ्याकडे न बघताच म्हणाले, "धोट्यातली कांडी संपली की माग थांबवायचा असतो. नवी कांडी भरायला कितीसा वेळ लागतो? पण नाही थांबवला तर आडवा धागाच पडत नाही, चादरीत फट राहते. आमच्यात असा कारागीर फार दिवस टिकायचा नाही." मग आईला, "भाकरी टाक आता."

ज्वारीची भाकरी, शेंगाची चटणी, वर तेल. त्या दिवशी ती खाताना मी तोंडातल्या तोंडात म्हटलेली प्रार्थना पुण्याच्या कुठल्याही सिग्नलला बसली नसती. चार शब्दांचीच होती, पण सावकाश.

रात्री दोनला आईनं हलवलं. "ऊठ, पाणी आलं." नळ आधी फुसफुसला, खोकला, तांबूस चूळ भरली आणि मग धार लागली. पिंप, घागरी, बादल्या, शेवटी पातेली. आई पाइप धरून उभी, मी भरलेलं उचलत होतो. पाइप एका भांड्यातून दुसऱ्यात नेताना ती एक जुनं उपासनेतलं गीत गुणगुणत होती, कडव्याच्या मध्येच थांबून "अरे, सांडतंय!" म्हणत, आणि पुन्हा तिथूनच उचलत. शब्द मलाही येत होते. कधी सूर धरला कळलं नाही. साडेतीनला नळ गेला. झोप उडाली होती, म्हणून गच्चीवर बायबल नेलं आणि मोबाइलच्या उजेडात मार्कचा पहिला अध्याय वाचला. एकच. पस्तिसाव्या वचनाशी थांबलो. तिथं येशूही अंधार असतानाच उठून बाहेर एकांतात गेलाय.

परतताना गाडीत वही उघडली. एकाही ओळीपुढे बरोबरची खूण नाही. खाली मात्र पेन्सिलीनं आईचं अक्षर: दूध अर्धा लिटर जादा, दोन दिवस. पाणी गुरुवारी.