तुम्ही विचारलंत म्हणून: मानवंदनेच्या जुन्या फिल्म्स मी का बघते

लष्करी मानवंदनेच्या जुन्या फिल्म्समध्ये तू एवढं काय बघतेस, सगळ्या सारख्याच तर असतात, असं मला नेहमी विचारलं जातं. तुम्हीही विचारलंत, म्हणून जरा सविस्तर सांगते.

सारख्या असतात हे खरंच आहे, आणि तेच मला उपयोगी पडतं. मी बघते ते बहुतेक अमेरिकी लष्कराच्या सिग्नल कोअरने, म्हणजे संदेशवहन दलाने, केलेलं चित्रण. पहिल्या महायुद्धात, १९१७ साली, लष्कराच्या छायाचित्रणाची जबाबदारी या दलाकडे आली. सरकारी कर्मचाऱ्यांनी टिपलेलं असल्यामुळे त्यावर कुणाचा स्वामित्वहक्क नाही. तिथल्या राष्ट्रीय अभिलेखागारातलं हे चित्रण कुणीही बघू शकतं. बरीचशी रिळं मूक आहेत. अशा वेळी समारंभाचे पक्के नियमच मदतीला येतात. जनरलला १७ तोफांची सलामी, लेफ्टनंट जनरलला १५, मेजर जनरलला १३ आणि ब्रिगेडियर जनरलला ११. ढोल-बिगुलांची सुरुवातीची छोटी गत चार तारेवाल्या जनरलसाठी चारदा, तीन तारेवाल्या लेफ्टनंट जनरलसाठी तीनदा, अशी उतरत जाते. लाल ध्वजावर पांढरे तारे हुद्द्याप्रमाणे. आवाज नसला आणि चेहरा ओळखीचा नसला, तरी ध्वजावरचे तारे मोजले की समोर कोणत्या हुद्द्याचा अधिकारी आहे ते कळतं.

पण नियमांनी बांधलेला असतो तो समारंभ. कॅमेरा कुणाकडे वळवायचा, हे नियमावलीत नसतं. हातात धरायच्या आयमो कॅमेऱ्यात साधारणपणे १०० फुटांचं रीळ बसे, म्हणजे जेमतेम मिनिटभराचं चित्रण. संपूर्ण समारंभ त्यात मावणं अशक्यच. कुठे कळ दाबायची आणि कुठे सोडायची, हे कॅमेरामन उभ्या उभ्या ठरवत असे. पदक छातीवर लागतानाचा क्षण तो चुकवत नसे, ते त्याचं कामच होतं. उरलेल्या फुटांचं त्याने काय केलं, तिकडे माझं सगळं लक्ष असतं. तो रांगेतल्या शिपायांकडे वळला का? मागे उभ्या असलेल्या कुटुंबाकडे?

आणि रांगेत कोण उभं आहे, हे बघायला १९४८ च्या जुलै महिन्याइतका दुसरा काळ मला माहीत नाही. १५ जुलैला जनरल जॉन पर्शिंग गेले, पहिल्या महायुद्धात युरोपात लढलेल्या अमेरिकी फौजेचे सरसेनापती. १९ जुलैला आर्लिंग्टनच्या दफनभूमीत त्यांचे अंत्यसंस्कार झाले. दुसऱ्या महायुद्धातले सेनानी आयझेनहॉवर आणि ब्रॅडली शवयात्रेत पावसात चालत गेले. पर्शिंगना ‘ब्लॅक जॅक’ म्हणत, कारण तरुणपणी ते दहाव्या घोडदळात होते आणि त्या दलातले शिपाई कृष्णवर्णीय होते. दुसऱ्याच दिवशी, २० जुलैला, बेंजामिन डेव्हिस निवृत्त झाले. अमेरिकी लष्करातले ते पहिले कृष्णवर्णीय ब्रिगेडियर जनरल. १९४० साली त्यांना तो हुद्दा मिळाला होता. १८९८ पासूनची पन्नास वर्षांची सेवा, आणि निरोपाला स्वतः राष्ट्राध्यक्ष ट्रुमन. त्यानंतर सहाच दिवसांनी, २६ जुलैला, ट्रुमन यांनी सैन्यात वंश न बघता समान वागणूक आणि समान संधी देण्याचा ९९८१ क्रमांकाचा आदेश काढला. म्हणजे पर्शिंगना आणि डेव्हिसना निरोप दिला गेला, तेव्हा सैन्यात गोऱ्यांच्या आणि काळ्यांच्या तुकड्या अजून वेगळ्याच होत्या! आदेशानंतरही ही विभागणी लगेच संपली नाही, तिला काही वर्षं लागली. ती कधी आणि कशी मिटत गेली, हे शोधायचं तर त्यानंतरच्या काही वर्षांतल्या संचलनांच्या रांगा बघाव्यात. समारंभ तोच, पावलं तीच, ध्वज तोच. त्यामुळे माणसांमधला बदल झाकला जात नाही.

सगळ्यांनाच असा थाट हवा होता असंही नाही. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेचे लष्करप्रमुख असलेल्या जॉर्ज मार्शल यांनी आपले अंत्यसंस्कार साधेपणाने करण्याची सूचना लिहून ठेवली होती. १९५९ मध्ये ती पाळली गेली, कॅपिटॉल या संसदभवनात त्यांचं पार्थिव दर्शनासाठी ठेवलं नाही. मला त्यांच्याबद्दल यामुळे जास्तच आदर वाटतो.

ही रिळं जपायला हवीत, असं मी तळमळीने म्हणते त्यामागे कारण आहे. जुनी नायट्रेट फिल्म भयंकर ज्वालाग्राही असते. ७ डिसेंबर १९७८ ला मेरीलँडमधल्या सूटलंड इथे अभिलेखागाराच्या गोदामाला आग लागली आणि युनिव्हर्सल न्यूजरील या चित्रपटगृहांत दाखवल्या जाणाऱ्या बातमीपटांचं सुमारे १ कोटी २६ लाख फूट चित्रण जळून गेलं. नंतरची अॅसिटेट फिल्म पेट घेत नाही, पण कुजते. डबा उघडला की व्हिनेगरचा उग्र वास येतो. त्या अवस्थेला पोहोचलेलं रीळ पूर्ववत होत नाही. थंड, कोरड्या जागी ठेवून ते कुजणं लांबवता येतं आणि तेवढ्या अवधीत त्याची नक्कल करून घ्यावी लागते.

नक्कल झाली तरी काम उरतंच. अशा रिळांच्या नोंदींत सलामी घेणाऱ्याचं नाव, हुद्दा, ठिकाण असतं आणि देणाऱ्यांसाठी बहुधा ‘सैनिकांची तुकडी’ एवढेच शब्द. हे मला खटकतं. जवळून घेतलेलं दृश्य असेल तर मी ते थांबवून बाह्या बघते. सेवेच्या दर तीन वर्षांसाठी एक तिरकी पट्टी, परदेशातल्या दर सहा महिन्यांसाठी एक छोटी दांडी, खांद्यावर डिव्हिजनचं चिन्ह. एवढ्यावरून शिपायाचं नाव मिळत नाही, पण तो कोणत्या डिव्हिजनचा, किती वर्षं सैन्यात आणि त्यातला किती काळ परदेशात होता, हे लिहिता येतं. ते मी लिहिते.