कपाळ कमी करायचं, पण भूल कोणती घ्यायची?

मोठं कपाळ हे आमच्या माहेरचं देणं. आजीचं तसंच, आत्याचं तसंच, आणि माझं तर भुवईपासून केसांपर्यंत पावणेआठ सेंटिमीटर. केस मात्र दाट, गळती नाही, आणि डोक्याची कातडी बोटांनी दाबली तर चांगली पुढेमागे सरकत होती. म्हणून प्लास्टिक सर्जन म्हणाले, हेअर ट्रान्सप्लांटची गरज नाही, केसांची रेषाच खाली आणता येईल. केसांच्या कडेनं नागमोडी छेद घ्यायचा, मागची कातडी कवटीवरून सुटी करून पुढं ओढायची, तेवढी कपाळाची पट्टी काढायची आणि टाके घालायचे. काम दीड-दोन तासांचं.

हे ऐकून आत्या म्हणाली, "कपाळावर नशीब लिवल्यालं असतंय गं. पट्टी कापताना नेमकी कुठली ओळ जाणार, ते इचारलंस काय डॉक्टरला?"

ते नाही विचारलं. माझं सगळं लक्ष भुलीवर होतं. घरात प्रत्येकाचं मत तयार होतं आणि ते एकच होतं: लोकल, म्हणजे तेवढाच भाग बधिर करणं, ते बिनधोक, पूर्ण भूल म्हणजे जिवाशी खेळ. मीही तेच धरून चालले होते. सुरुवातीला ज्या एका ठिकाणी चौकशी केली तिथं तर हे फारच सोपं करून सांगितलं. "लोकलमध्येच करू, झोपेचं इंजेक्शन देऊ, तुम्हाला काही कळणार नाही. सगळं पॅकेजमध्ये." भूलतज्ज्ञ कोण असतील विचारलं, तर "गरज पडली तर बोलावतो." पैसे कमी होते, जागा चकाचक होती. पण पतसंस्थेत कर्जाच्या फायली बघून माझी एक सवय झालीय, जामीनदार कोण ते कळल्याशिवाय मी सही करत नाही. तिथून परत आले.

दुसरीकडे, ऑपरेशन थिएटर असलेल्या हॉस्पिटलात, सर्जननी मला आधी भूलतज्ज्ञ मॅडमकडे पाठवलं. रक्त, साखर, ईसीजी झालं होतं. मॅडमनी तोंड मोठं उघडायला लावलं, मान मागं टाकायला लावली, दात हलतो का बघितलं. दमा, थायरॉईड, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, आयुर्वेदिक काही चालू आहे का, मिश्री लावता का, घरात कुणाला भुलीचा त्रास झाला होता का. मग माझ्याकडे न बघता नवऱ्याला विचारलं, "या घोरतात का?" तो माझ्याकडे बघायला लागला. "त्यांच्याकडे बघू नका, खरं सांगा." नाही म्हणाला. तेव्हा मला हा प्रश्न गमतीचा वाटला होता.

नुसत्या लोकलमध्येही हे होतं, मॅडम म्हणाल्या. भुवयांवरून कपाळाकडे जाणाऱ्या नसा बधिर करायच्या, केसांच्या रेषेत आणि मागं औषध भरायचं. पण लिग्नोकेनला, म्हणजे त्या बधिर करायच्या औषधालाही माप आहे. अ‍ॅड्रेनलिन (रक्तवाहिन्या आकसवणारं औषध) मिसळलेलं असेल तर किलोमागे साधारण ७ मिलिग्रॅमपर्यंत, म्हणजे माझ्या ५६ किलोला ३९०च्या आसपास. डोक्याचा भाग मोठा, म्हणून औषध पातळ करून पसरवतात. वरून सलाईनमधून गुंगीचं औषध देता येतं. आणि तिसरी पूर्ण भूल, घशात नळी घालून.

मग त्यांनी जे सांगितलं त्यानं माझं गणितच फिरलं. पूर्ण भुलीत श्वास यंत्राच्या ताब्यात असतो, नळी पक्की असते. नुसत्या लोकलमध्ये माणूस जागा, श्वास त्याचा तो घेतो. धोका वाढतो तो मधल्या पायरीवर, गुंगी नकळत खोल जाते तेव्हा. जीभ मागं पडते, श्वास अडतो, आणि या शस्त्रक्रियेत तर डोकंच कापडाखाली, सर्जनच्या हाताखाली. शिवाय नाकाशी ऑक्सिजन आणि कपाळावर विजेच्या चटक्यानं रक्त थांबवायची कॉटरी, म्हणजे पेट घ्यायचीही भीती. त्यामुळे ऑक्सिजन कधी कमी करायचा, कधी बंद ठेवायचा हे बघणारा माणूस वेगळाच लागतो. "कुठली भूल यापेक्षा, तुमच्या डोक्याशी कोण बसणार आहे हे विचारा," त्या म्हणाल्या. त्या स्वतः बसणार होत्या, शेवटपर्यंत. मी लोकल आणि हलकी गुंगी घेतली.

आदल्या रात्री भावाकडे तांबडा-पांढरा होता. तेलकट-मटण पोटात असेल तर आठ तास मोकळे हवेत, म्हणून मी लवकर जेवले. सकाळी नऊची वेळ. सात वाजेपर्यंत पाणी किंवा कोरा चहा चालेल, दुधाचा नाही. कोरा चहा आमच्या घरात आजाऱ्यालाही कुणी देत नाही, पण प्यायले. नेलपॉलिश पुसलं, कारण रक्तातला ऑक्सिजन मोजायला बोटाला लावायच्या चिमट्याला त्याचा अडथळा होतो.

टोचलं ते खरं दुखलं. औषध आम्लधर्मी असतं म्हणून चुरचुरतं. त्यात सोडा बायकार्ब घालून हळूहळू सोडलं, तरी भुवईवरची पहिली दोन-तीन टोचणी डोळ्यांत पाणी आणणारी. लगेच छातीत धडधडायला लागलं. मॅडमनी आधीच सांगून ठेवलं होतं, ते अ‍ॅड्रेनलिन, दोन मिनिटांत बसेल. बसलं. नंतर दहा-पंधरा मिनिटं कुणी काहीच करेना. रक्तवाहिन्या आकसायची वाट बघत होते, डोक्याला रक्त फार येतं म्हणून.

पुढं दुखलं नाही, पण कळत होतं. ओढलेलं कळतं, दाबलेलं कळतं, आणि आवाज तर कवटीतूनच येतो, खवणीवर नारळ खवल्यासारखा. हे कुणी आधी सांगितलं नसतं तर मी टेबलावरून उठले असते. मधे एकदा उजवीकडे मागं टोचल्यासारखं झालं. ठरल्याप्रमाणे बोट उचललं, काम थांबलं, औषध आणखी घातलं. मधले काही तुकडे आठवतच नाहीत, तो मिडाझोलामचा, म्हणजे गुंगीच्या औषधाचा गुण. सिस्टर नंतर म्हणाली, "थकबाकीदारांची नावं घेत होता तुम्ही. एक तर आमचे पाव्हणे निघाले."

बाहेर आल्यावर उलटी नाही, घसा ठीक, थोड्या वेळानं दुधाचा चहा मिळाला. एकटीनं घरी जायचं नाही, चोवीस तास गाडी चालवायची नाही, कशावर सही करायची नाही. शेवटी टाक्यांशी जास्त वेळ टिकणारं बधिरतेचं औषध, बुपिव्हाकेन, घातलं होतं, ते रात्री उतरलं आणि कपाळाला घट्ट फेटा बांधल्यासारखं ठणकायला लागलं. गोळीनं भागलं. पुढं डोळे सुजले, टाके निघाले. टाक्यांच्या मागचा भाग अजून थोडा बधिर आहे. तो भुलीमुळे नाही, छेदात बारीक नसा तुटतात, त्यांना परत यायला महिने लागतात. बिलात भूलतज्ज्ञांची फी वेगळी होती आणि जीएसटीही. सौंदर्यासाठीच्या शस्त्रक्रियेला विमा देत नाहीत हे आधीच धरलेलं बरं.

माझं बघून ओळखीतली एक जण त्याच मॅडमकडे गेली. ती घोरते, झोपेत श्वास अडकून दचकते, वजन जास्त, तोंडावर कापड आलं की जीव घाबरतो. तिला त्यांनी गुंगी नाकारली, सरळ पूर्ण भूल सांगितली. ती माझ्यावरच चिडली: "तुला लोकल आणि मला नळी व्हय?" तिच्या नवऱ्यानं घोरण्याचं खरं सांगितलं होतं, त्याच्याशी दोन दिवस बोलली नाही. झालं सगळं नीट. घसा दुखला, एकदा उलटी झाली, आणि आवाज मात्र तिनं एकही ऐकला नाही. नारळाचं मी सांगितलं तेव्हा म्हणाली, "बाई गं, बरं झालं नळी घातली."