कापड आणि काठी

रग्बीत टीएमओच्या, म्हणजे रिप्ले बघून रेफरीला निर्णय सांगणाऱ्या पंचाच्या, खुर्चीत बसलेल्याला सगळं दिसतं, असा लोकांचा समज. दिसतं ते कॅमेरा जिथे उभा असेल तिथून. टचलाइनच्या (मैदानाच्या बाजूच्या सीमारेषेच्या) अगदी रेषेत नसलेल्या कॅमेऱ्यातून हवेतला बूटसुद्धा रेषेवर टेकलेला भासतो, आणि हवेतला पाय बाद नसतो. म्हणून मी बुटाची सावली बघतो. सावली बुटाला भिडली की पाय टेकला.

त्या सामन्यात विंगर कोपऱ्यात झेपावला आणि रेफरीने ट्राय (गोललाइनवर किंवा तिच्यापलीकडे चेंडू जमिनीला टेकवून मिळणारे गुण) दिला. तपासायचं एवढंच: आधी काय टेकलं, जमिनीला चेंडू की टचलाइनला पाय? दिग्दर्शकाने सगळ्यात आधी लावला तो क्लोजअप. उडणारं गवत, ताणलेला चेहरा. देखणा आणि निरुपयोगी, नेहमीसारखा.

मला दोन कोन हवे होते. पायासाठी टचलाइनच्या रेषेतला, गोलमागचा. चेंडूसाठी गोललाइनच्या रेषेतला. जवळच्या गोललाइन कॅमेऱ्यासमोर नेमका आमचाच सहायक रेफरी उभा. (त्याची जागा बरोबर होती, तरी राग आलाच.) मग पलीकडच्या बाजूचा घेतला. दोन चित्रं जोडीने चालवायची तर जुळणीला खूण लागते. कोपऱ्याचा झेंडा धरला. झेंड्याला नुसता धक्का लागून खेळाडू बाद होत नाही, पण काठी हलते तो क्षण दोन्हीकडे एकच. रिप्लेवाल्या मुलीने हां हां म्हणता जुळवून दिलं. असा हात फार थोड्यांकडे असतो. सेकंदाला 50 फ्रेम. चेंडू टेकला, आणि लगेच पुढच्या फ्रेमला सावली बुटाला भिडली.

"चेंडू आधी, पाय नंतर. ट्राय," मी रेफरीला सांगितलं. कन्व्हर्जनची, म्हणजे ट्रायनंतरच्या जादा गुणांची, किक गेली. तिच्यानंतर मागे फिरता येत नाही.

रात्री फुटेज पुन्हा बघताना चरकलो. पलीकडच्या कॅमेऱ्यात काठी बचावपटूच्या पाठीआड होती. तिथे आम्ही झेंड्याचं कापड हललं तो क्षण धरला होता, गोलमागच्या चित्रात मात्र काठी. कापड काठीच्या मागून हलतं. किती मागून? एक फ्रेम म्हणजे 20 मिलिसेकंद, दोन म्हणजे 40. आणि चेंडूची आघाडी होती एकाच फ्रेमची.

निकाल तसाही बदलला नसता. मैदानावर दिलेला ट्राय फिरवायला स्पष्ट पुरावा लागतो, तो नव्हताच. वरिष्ठांनी तेवढंच बोलून विषय मिटवला. पण 'स्पष्ट पुरावा नाही' असं मी म्हणालोच नव्हतो. 'चेंडू आधी' म्हणालो होतो, आणि तेही टीव्हीवर सगळ्यांना ऐकू जाईल असं.