डायल बदलू नका, एवढंच सांगायला अकरा आठवडे

घड्याळ काकाचं. तो मर्चंट नेव्हीत चीफ इंजिनीअर होता, 1994 साली सिंगापूरला घेतलं होतं. स्विस, ऑटोमॅटिक क्रोनोग्राफ, म्हणजे हाताच्या हालचालीने चावी भरणारं आणि बटणं दाबून स्टॉपवॉचसारखी वेळ मोजणारं. कंपनीचं नाव लिहीत नाही, उगाच भांडण नको. आतलं मशीन सांगायला हरकत नाही, कारण ते कितीतरी कंपन्यांच्या घड्याळांत असतं: व्हालजू 7750. त्याचा रोटर, म्हणजे आतलं फिरतं वजन, एका दिशेला फिरतो तेव्हाच स्प्रिंग भरते, उलट दिशेला मोकळा सुटतो. त्यामुळे हात झटकला की घड्याळ मनगटावर चक्क डुलतं. काका म्हणायचा, बोटीवरून उतरलं तरी याची बोट लागायची जात नाही.

बिघडवलं मी. मे महिन्यात भाट्याच्या समुद्रात भाचरांची पोहायची शर्यत लावली आणि कमरेएवढ्या पाण्यात उभं राहून वेळ घेतली. डायलवर 100 मीटर लिहिलेलं आहे ना! पण पाण्यात बटण दाबलं की वायसरजवळून पाणी आत जाऊ शकतं, आणि माझा वायसर तीस वर्षांचा. ज्यांच्याकडे असं घड्याळ आहे त्यांनी समुद्रात ते घालायचं तर घाला, बटणांना हात लावू नका. चार दिवसांत वरचं बटण करकरायला लागलं, मग सेकंदाचा लांब काटा शून्यावर यायच्या ऐवजी दोनच्या पुढे थांबायला लागला.

रत्नागिरीच्या बाजारपेठेत एक जुने घड्याळवाले आहेत. त्यांनी मागचं झाकण उघडलं, रोटर काढला आणि भिंग माझ्या हातात दिलं. "बघा मास्तर, मीठ फुललंय." बटणाच्या दांड्याभोवती हिरवट पांढरा थर, मिठागराच्या कडेला धरतो तसा. मग चिमट्याने त्यांनी एक बारीक तुकडा दाखवला. पत्त्यातला बदाम असतो ना, हुबेहूब तसा. खालचं बटण दाबलं की हातोडी या बदामावर पडते, आणि तो कुठल्याही बाजूला वळलेला असो, घसरून एकाच जागी येतो. काटा परत 12 वर. 1844 सालची युक्ती आहे ही, आणि आजही बदललेली नाही. माझ्या घड्याळात हातोडीच अडकत होती. ते म्हणाले, "मी करीन हो, पण पार्ट मिळायचे नाहीत. मुंबईला न्या." पैसे घेतले नाहीत.

मुंबईला कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला नेलं, काउंटरवर दिलं, पावती घेतली. इथपर्यंत सगळं अर्ध्या तासात.

आठव्या दिवशी इस्टिमेटची मेल आली. 62,000 रुपये. आकडा बघून घाम फुटला, पण मी ते धरूनच चाललो होतो. क्रोनोग्राफच्या मशीनमध्ये साध्या घड्याळापेक्षा बरेच जास्त भाग, सगळे सुटे करून धुवायचे, तेल द्यायचं, पुन्हा जुळवायचं. मेहनतीचे पैसे आहेत. खटकल्या त्या खालच्या तीन ओळी: डायल बदलणे, काटे बदलणे, केस पॉलिश (केस म्हणजे घड्याळाची बाहेरची धातूची पेटी). तिन्ही 'आवश्यक'. शेवटी दोनच बटणं, मान्य आणि अमान्य. अमान्य केलं तर घड्याळ न उघडता परत, वर तपासणीची फी.

या डायलचं थोडं सांगतो, म्हणजे मी का हटून बसलो ते कळेल. मूळ रंग काळा. तीस वर्षांच्या उन्हाने तो वाळलेल्या कोकमासारखा झालाय, सगळीकडे सारखा, कुठे डाग नाही. आकड्यांवरचा लेप, ज्याला आपण सरसकट रेडियम म्हणतो, तो ट्रिटियमचा, म्हणजे किरणोत्सर्गामुळे अंधारात आपोआप चमकणारा. सहाच्या खाली 'स्विस मेड'च्या दोन्ही अंगांना बारीक टी अक्षर असतं, त्यावरून ओळखायचं. ट्रिटियम बारा-सव्वाबारा वर्षांत निम्मं होतं, म्हणजे आता साधारण सहावा हिस्सा उरलाय. चमक संपली, रंग साजूक तुपासारखा झाला. नवा डायल लावला की घड्याळ दुकानात असतं तसं दिसणार, काकाच्या हातात होतं तसं दिसणार नाही. आणि पॉलिश? पट्टा अडकवायच्या कानांवर वरची बाजू रेघारेघांची आणि कडेची बाजू आरशासारखी आहे. दोन्हींच्या मध्ये एक धारदार रेष. ती रेष म्हणजेच त्या केसची सगळी कारागिरी. पॉलिशचं चाक एकदा फिरलं की ती बोथट झालीच, परत आणता येत नाही.

मी उत्तर पाठवलं: फक्त मशीन करा. उत्तर आलं: पॉलिसीनुसार शक्य नाही. फोन केला तर इंग्रजीत रेकॉर्ड वाजायचं, मग हिंदीत एक मुलगी "सर, नोट कर लिया" म्हणायची. तिने पाच वेळा नोट केलं. सहाव्यांदा मूळ बिल मागितलं. काका जाऊन नऊ वर्षं झाली, सिंगापूरचं बिल कुठून आणू? पाऊस सुरू झाला, गणपती आले, गेले. आरतीला माझं मनगट मोकळं. बायको म्हणाली, "करून टाका हो मान्य, कोण बघतंय डायल." त्या रात्री मी जवळजवळ दाबलंच होतं ते बटण.

शेवटी मीच गेलो, रात्रीच्या गाडीने. काउंटरवर तेच. पण आतून एक कारागीर बाहेर आला, त्याने स्क्रीनवरचा फोटो बघितला आणि मराठीत म्हणाला, "डायल चांगला आहे की! तुम्ही लेखी द्या, रेडियम चमकणार नाही आणि त्याची तक्रार करणार नाही." दोन ओळी लिहिल्या, सही केली, संपलं. अकरा आठवडे जे होत नव्हतं ते पाच मिनिटांत.

तेव्हा देतानाच पावतीवर 'पॉलिश नको, डायल व काटे तेच' असं लिहून घ्या आणि चारही बाजूंनी फोटो काढा. मी काढले होते म्हणून त्याला दाखवायला काहीतरी होतं. हो, आणि घरी आणल्यावर रात्री आठ ते पहाटे तीनमध्ये तारीख पुढे ढकलू नका, तेव्हा आतली चाकं तारखेत गुंतलेली असतात.

ऑक्टोबरात घड्याळ घेऊन कोकणकन्येने निघालो. सगळा डबा झोपलेला, दिवे बंद. उक्षी गेलं तसा आवाज कोंडल्यासारखा झाला. करबुड्याचा बोगदा, साडेसहा किलोमीटर. वरचं बटण दाबलं. खट्कन, नव्यासारखं. आवाज मोकळा झाला तेव्हा पुन्हा दाबलं आणि घड्याळ डोळ्यांजवळ धरलं. मिट्ट काळोख. एक काटा दिसेल तर शपथ. मोबाइलची बत्ती लावली: पाच मिनिटं वीस सेकंद. म्हणजे ताशी त्र्याहत्तर.

"अहो, बत्ती बंद करा," वरच्या बर्थवरून आवाज आला.