अंदमानात जीटी (जायंट ट्रेव्हली) माशासाठी चार दिवस: घरी करायची तयारी

पोर्ट ब्लेअरला (कागदोपत्री आता श्री विजय पुरम) नायलॉनचा दोर मिळतो, साधे गळ मिळतात, शिसंही मिळतं. पण २०० पौंडी (म्हणजे तेवढा ताण सोसणारी) स्प्लिट रिंग, पीई ८चा ब्रेड (खायचा नव्हे, विणलेला दोर; पीई हा त्याच्या जाडीचा क्रमांक) किंवा ५/० मापाचे जाड ट्रेबल (तीन टोकांचे गळ) तिथे मिळतील या भरवशावर विमानात बसू नये. बोट जेट्टीवरून सुटली की मग जे डब्यात आहे तेवढंच. म्हणून या सहलीतली निम्मी मासेमारी घरी, जेवणाच्या टेबलावर होते.

जीटी म्हणजे जायंट ट्रेव्हली, आपल्या कोकर माशाच्याच कुळातला. फरक आकाराचा आणि स्वभावाचा. तीस-चाळीस किलोचा मासा पॉपर (पाण्यावर उडवत ओढायचा खोटा मासा) घेतो आणि पहिल्या दहा-पंधरा सेकंदांत सरळ खडकाकडे पळतो. तिथे पोचला की दोर प्रवाळावर घासून तुटतो. त्या दहा-पंधरा सेकंदांत त्याला थोपवायचं, एवढ्यासाठी सगळी जाड सामग्री लागते. मालवणला सुरमईमागे वापरलेला पीई ३चा सेट इथे मुख्य म्हणून आणू नका. हलका तिसरा रॉड म्हणून तो उत्तम.

कधी जायचं

हंगाम ढोबळमानाने नोव्हेंबर ते मेचा पहिला पंधरवडा. नोव्हेंबर-डिसेंबरात बंगालच्या उपसागरात वादळाची शक्यता असते, त्यामुळे उघड्या समुद्राचा बेत असेल तर फेब्रुवारी ते एप्रिल बरा. तारीख ठरवताना सुट्ट्यांच्या आधी पंचांग बघा. अमावास्या-पौर्णिमेनंतरचे एक-दोन दिवस उधाणाचे, तेव्हा खडकांच्या टोकांवर पाणी जोरात वाहतं आणि पॉपिंग चांगलं चालतं. अष्टमीच्या आसपास भांग (उधाणाच्या उलट), प्रवाह मंद, म्हणजे खोल पाण्यातलं जिगिंग (जिग हे जड धातूचं आमिष तळाला सोडून झटके देत वर ओढणं) सोपं. उधाणाच्या प्रवाहात १०० मीटर पाण्यात ३०० ग्रॅमचं जिग टाकलं तर ते तळाला पोचेपर्यंत बोट पुढे निघून जाते आणि दोर तिरका पडतो. दोन्ही करायचं असेल तर उधाण ओसरून भांगेकडे जाणारे चार दिवस निवडा.

मुंबईकरांनी एक लक्षात ठेवावं. आपल्याकडे उधाणाला भरती-ओहोटीत चार-पाच मीटरचा फरक पडतो, अंदमानात दोनेक मीटरचा. आकडा लहान दिसला म्हणून प्रवाह लहान नसतो. दोन बेटांमधल्या चिंचोळ्या वाटेत तो चांगलाच ओढतो. भरतीचं कोष्टक पोर्ट ब्लेअरचंच घ्या.

आणि घड्याळ. बेटं खूप पूर्वेला, वेळ मात्र भारतीय प्रमाणवेळ. एप्रिलमध्ये पाचच्या सुमारास उजाडतं आणि साडेपाचला सूर्य बुडतो. "सकाळी सातला निघू" म्हणणाऱ्या बोटवाल्याने पहाटेचा सगळ्यात चांगला तास तुमच्या हिशेबातून आधीच कापलेला असतो.

वजनाचा हिशेब

देशांतर्गत इकॉनॉमी तिकिटात साधारण १५ किलो सामान. त्यात हे बसवायचं आहे: रॉडची ट्यूब साडेचार किलो, तीन रिळं अडीच किलो, २५० ग्रॅम सरासरीची १५ जिग पावणेचार किलो, १४० ग्रॅम सरासरीचे १० पॉपर-स्टिकबेट (स्टिकबेट म्हणजे लांबट खोटा मासा) १.४ किलो, पक्कड, लीडर (ब्रेडच्या टोकाला जोडायचा जाड दोर), रिंगा वगैरे दोन किलो. झाले चौदा. कपडे केबिनच्या बॅगेत, आणि कमीच. ट्यूबची लांबी विमान कंपनीला आधी कळवा. मुठीपाशी सुटणारा रॉड असला तरी वरचा तुकडा सहा-सात फुटांचा असतोच.

गळ, जिग, पक्कड, कात्री सगळं चेक-इनमध्ये. पॉवर बँक मात्र केबिनमध्येच. गंजविरोधी स्प्रेचे डबे ज्वलनशील असतात, ते कुठल्याच बॅगेत चालत नाहीत, त्याऐवजी रिळाच्या तेलाची छोटी बाटली घ्या. आपोआप फुगणारं लाइफ जॅकेट नेत असाल तर त्यातल्या गॅसच्या नळकांडीसाठी कंपनीची परवानगी आधी लागते. सॅटेलाइट फोन आणि उपग्रहावरून संदेश पाठवणारी छोटी यंत्रं परवान्याशिवाय भारतात बेकायदा आहेत. परदेशातून येणारे आपले मित्र हमखास इथेच अडकतात, त्यांना आधीच सांगून ठेवा.

दोर भरणं

पॉपिंगच्या रिळावर पीई ८, किमान ३०० मीटर. जिगिंगला पीई ५ किंवा ६, तेवढाच, आणि तो दर १० मीटरला रंग बदलणारा घ्या, म्हणजे खोली मोजता येते. स्पूलच्या (रिळावरच्या दोर गुंडाळायच्या चाकाच्या) तळाशी आधी नायलॉनचे आठ-दहा वेढे द्या, नाहीतर गुळगुळीत धातूवर सगळा ब्रेड एकसंध फिरत राहतो आणि ड्रॅग (रिळाचा ब्रेक) सरकतोय असा भास होतो.

सगळ्यात जास्त चुका इथे होतात. दोर हाताने, सैल भरला की मोठा मासा ओढायला लागल्यावर वरचा वेढा खालच्या थरांत रुततो. पुढच्या फेकीला तो रुतलेला वेढा सुटत नाही, दोर तुटतो आणि दोन-तीन हजारांचा पॉपर एकटाच उडत जातो. ओला टॉवेल दोराभोवती घट्ट धरून, चार-पाच किलोच्या ताणाखाली भरा. एकट्याने जमत नाही, दुसऱ्याला फिरकी धरायला बसवा. स्पूलच्या कडेपासून दोन-तीन मिलिमीटर खाली थांबा, काठोकाठ भरलात तर फेकताना गुंतवळ येईल.

गाठ

ब्रेड आणि लीडर जोडायला एफजी गाठ. पॉपिंगला लीडर १५० ते २०० पौंडी नायलॉनचा, दीड-दोन मीटर. जिगिंगला ८० ते १३० पौंडी फ्लुरोकार्बन, पाच-सहा मीटर. फेकताना गाठ गाइडांतून (रॉडवरच्या कड्यांतून) जाते, म्हणून ती बारीक हवी, आणि एफजी तशी बारीक बसते.

लीडर ताठ धरून त्यावर ब्रेडचे आलटून-पालटून २० ते २२ वेढे, शेजारी-शेजारी, एकावर एक नाही. मग दोन-तीन अर्धगाठी टाकून थांबा. इथे थुंकी लावून, हाताला कापड गुंडाळून, ब्रेडची दोन्ही टोकं पूर्ण ताकदीने ओढा. वेढे लीडरमध्ये रुतले की ब्रेडचा रंग गडद होतो. तो बदलला नसेल तर गाठ लागलेली नाही, दिसते मात्र अगदी लागल्यासारखी. मग लीडर गाठीजवळ कापून त्यावर आणखी सहा-आठ अर्धगाठी. गाठ घसरते ती वेढे कमी पडल्याने क्वचित. आधी ताण न देता वरून अर्धगाठींचा थर चढवला की आतले वेढे सैलच राहतात आणि माशाच्या पहिल्या झटक्याला लीडर निसटून येतो.

घरी अशा दहा गाठी मारा आणि प्रत्येक ताणकाट्याला लावून १५ किलोपर्यंत ओढा. डोळ्यांना चष्मा आणि मध्ये कोणी उभं नको. पंख्याखाली बसून जी गाठ सहा मिनिटांत होते, ती हलत्या बोटीवर पंधरा मिनिटं घेते. त्यामुळे लीडर जोडलेलं एक जादा स्पूल प्रत्येक रिळाला असावं.

लीडरच्या दुसऱ्या टोकाला अखंड कडी आणि स्विव्हल (गरगर फिरणारा जोड), तीन वेढ्यांची युनी गाठ. जाड नायलॉनला पाच-सहा वेढे दिले की ती आवळतच नाही. पक्कडीत टोक धरून, कडी हुकात अडकवून, पायाने रेटून आवळा. कडीला स्प्लिट रिंग, रिंगेला पॉपर, म्हणजे पॉपर बदलताना गाठ सोडावी लागत नाही.

ड्रॅग

बाजारात पीई ८चा ब्रेड साधारण १०० पौंडी, म्हणजे ४५ किलोचा असतो. त्याच्या एक तृतीयांश, १५ किलो, ही ड्रॅगची वरची मर्यादा. बहुतेकांना १० ते १२ पुरतो. १५ किलोच्या ओढीला हलत्या बोटीवर पाय रोवून उभं राहणं जिममधल्या वजनांसारखं नसतं. अंदाजाने फिरवू नका. रॉड वाकवून, दोर ताणकाट्याला बांधून मोजा, कारण गाइडांचं घर्षणही त्यात धरावं लागतं.

दोर बाहेर गेला की ड्रॅग आपोआप वाढतो, हे अनेकांच्या ध्यानात नसतं. स्पूलवरचा घेर मूळच्या पाऊण राहिला, तर १२ किलोचा ड्रॅग १६ किलोचा होतो. म्हणून मासा लांब गेल्यावर घाबरून बटण आणखी आवळणं म्हणजे दोर स्वतः तोडणं.

पॉपर आणि गळ

चार दिवसांसाठी माणशी सहा पॉपर, चार स्टिकबेट, १५ जिग. जिग खडकात अडकून जातात, ती कमी नेऊ नयेत. पॉपर १०० ते २०० ग्रॅमचे, पण दिवसभर २०० ग्रॅमचा फेकता येत नाही. १२०–१५० ग्रॅमचे जास्त ठेवा.

नव्या पॉपरचे मूळचे गळ आणि रिंगा काढून जाड बसवायच्या: ट्रेबल ४/० ते ५/०, किंवा सिंगल ९/० ते ११/०. मग तो पाण्यात कसा बसतो ते पाहायचं. शेपटी खाली आणि तोंड पृष्ठभागालगत राहिलं पाहिजे. गळ जड झाला की पॉपर बुडायला लागतो, हलका झाला की आडवा पडून पाण्यावर घसरतो. बाथरूमच्या बादलीत नुसत्या पाण्यात बघून फसू नका, समुद्राचं पाणी जड असतं. लिटरला ३५ ग्रॅम मीठ घाला आणि मग बघा. स्टिकबेटला तर तेवढ्या फरकाने तरंगणारा की बुडणारा हे ठरतं.

गळांच्या टोकाजवळचे उलटे काटे पक्कडीने दाबून टाका. माशासाठी आणि तुमच्या हातासाठीही. बोटीवर तिघे एकदम फेकत असताना गळ कुणाच्या तरी कोपरात शिरतो, तेव्हा काटा नसलेला गळ आला तसा बाहेर निघतो. ५/० चा गळ कापू शकेल असा छोटा बोल्ट कटर बोटीवर असलाच पाहिजे. साधी पक्कड त्या पोलादाला काही करत नाही. धनुर्वाताचं इंजेक्शन जुनं झालं असेल तर जाण्याआधी घ्या.

बोट आणि परवानग्या

बोटवाल्याला विचारायचे प्रश्न: नोंदणी आणि मत्स्य खात्याचा परवाना आहे का, इंजिनं दोन आहेत का, व्हीएचएफ रेडिओ चालू आहे का (चॅनेल १६), संकटसूचक यंत्र आहे का, लाइफ जॅकेट माणसामागे एक आहे का. तटरक्षक दलाचा क्रमांक १५५४ फोनमध्ये ठेवा, पण बेटांपासून दूर फोन लागत नाही. तिथे व्हीएचएफच कामाचा. इंधन तीन भागांत: एक जायला, एक यायला, एक राखीव. बॅरन बेट पोर्ट ब्लेअरपासून १३५–१४० किलोमीटरवर आहे आणि वाटेत कुठेही पंप नाही. हे बेट म्हणजे जागृत ज्वालामुखी, तो बोटीतून बघायचा. बेटावर उतरता येत नाही.

वंडूरच्या महात्मा गांधी सागरी राष्ट्रीय उद्यानात मासेमारीला बंदी आहे. आदिवासी राखीव क्षेत्रांपासून आणि खास करून नॉर्थ सेंटिनल बेटापासून बोट लांब ठेवावी लागते, तांडेलाने "काही होत नाही" म्हटलं तरी. काही जातींच्या मुशी आणि पाकट, तसंच जायंट ग्रूपर वन्यजीव कायद्याने संरक्षित आहेत. गळाला लागले तर बोटीच्या बाजूलाच सोडायचे. शंख-प्रवाळ खिशात नको.

अंगाची तयारी

दिवसाला दोनशे फेकी होतात. महिनाभर आधीपासून खांदा, कंबर आणि पकड यांचा व्यायाम सुरू करा. धावण्याचा इथे फारसा उपयोग नाही. बोट लागण्याची गोळी डॉक्टरांना विचारून, आदल्या रात्री आणि निघण्याआधी तासभर. उलटी सुरू झाल्यावर घेतलेली गोळी पोटात टिकत नाही. काही गोळ्यांनी झोप येते, म्हणून एकदा घरी घेऊन बघा. माणशी रोज चार-पाच लिटर पाणी, ओआरएस, पूर्ण बाह्यांचा शर्ट, ध्रुवीकृत काचांचा चष्मा, बोटांना चिकटपट्टी. नुसत्या हातावर पीई ८ गुंडाळून ओढू नये, बोट कापतं.

जीटी सोडायचा. ओल्या हातांनी, पोटाखाली आधार देऊन, आडवा धरून. ओठाला पकड लावून उभा लोंबकळवला तर आतले अवयव दुखावतात. कॅमेरा आधी तयार ठेवा, मासा पाण्याबाहेर अर्ध्या मिनिटापेक्षा जास्त नको. जेवणासाठी छोटी सुरमई किंवा कुपा ठेवा. प्रवाळातले मोठे बॅराकुडा आणि मोठे जीटी तसेही खाऊ नयेत, त्यांच्या मांसात साठलेलं विष शिजवून जात नाही.

रोज संध्याकाळी

दमलात तरी एवढं करायचंच. वरचा दोन-तीन मीटर दोर बोटांतून फिरवून बघा, खरखर लागली की कापा आणि गाठ नव्याने मारा. चार दिवसांत त्यात फार तर पंधरा मीटर जातात. रिळावर गोडं पाणी मारताना ड्रॅग घट्ट आवळा, म्हणजे पाणी चकत्यांत शिरत नाही. जोरदार धार नको, नुसता शिडकावा. वाळल्यावर ड्रॅग सैल करून ठेवा. वापरलेले पॉपर खाऱ्या ओलीतच डब्यात बंद केले तर दुसऱ्या दिवशी न वापरलेल्या गळांनाही तांबेरा चढलेला दिसतो, म्हणून वापरलेल्यांचा डबा वेगळा. आणि परतीच्या सकाळी रॉड घाईने ट्यूबमध्ये कोंबू नका. गाइडच्या आतल्या कड्यांवरून आधी कापूस फिरवा. तंतू अडकला तर तिथे तडा आहे, आणि पुढच्या वेळी दोर तिथेच कापला जाईल.